चुकलंय

मालवणातला माणूस ‘चुकलंय’ म्हणतो तेव्हा तो स्वतःबद्दल बोलत असतो. मी इलंय, मी जेवलंय, मी गेलंय, तसंच मी चुकलंय. ‘मी’ वेगळा उच्चारावाही लागत नाही, तो शब्दाच्या शेवटात बसलेलाच असतो. बाप्यामाणूस असो की बाईमाणूस, रूप तेच. हाच शब्द पुण्या-मुंबईच्या मराठीत आला की त्यातून माणूस निघून जातो. ‘काहीतरी चुकलंय’, ‘हिशेबात कुठेतरी चुकलंय’. कोणाचं, कोणाकडून, ते वेगळं विचारावं लागतं.

हे माझ्या लक्षात आलं ते एका फणसामुळे. आमच्या भावकीत सामायिक जमिनीतला एक जुना फणस गावातल्या काकांनी कोणाला न विचारता तोडला. डोंबिवलीत वाढलेल्या पुतण्याला ते कळलं, त्याने फोन केला. काका पलीकडून म्हणाले, “चुकलंय रे बाबा.” पुतण्या म्हणाला, “चुकलंय ते मलाही दिसतंय. कोणाचं चुकलं ते तरी म्हणा.” काकांना वाटलं, कबुली दिल्यावरही हा पोरगा नाक घासायला लावतोय. पुतण्याला वाटलं, म्हातारा अजून टाळतोय. दोघांचं बोलणं पुढच्या गणेशचतुर्थीपर्यंत बंद होतं. मी दोघांकडून तो फोन वेगवेगळा ऐकला आणि तेव्हा कळलं की दोघेही खरं सांगताहेत. काकांनी चूक कबूल केली होती. पुतण्याला ती ऐकू आली नव्हती.

त्या दिवसापासून मी दोष देण्याचे आणि दोष घेण्याचे शब्द वहीत टिपत गेले. तीच वही आता पुस्तक होऊन तुमच्या हातात आहे. त्यात मालवणी आहे, बाकीची मराठी आहे आणि इंग्रजीही बरीच आहे. इंग्रजी कशाला, हे आधी सांगायला हवं.

मी मालवण तालुक्यातल्या एका शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आठवीच्या मुलांकडून ‘माझ्या हातून काच फुटली’ या वाक्याचं इंग्रजी करून घेताना दरवर्षी तीच अडचण यायची. हुशार मूल ‘आय ब्रोक द ग्लास’ लिहायचं आणि माझ्याकडे बघत राहायचं, कारण त्यालाच ते पटलेलं नसायचं. ‘आय ब्रोक’ म्हणजे ‘मी फोडली’. पण त्याने फोडली नव्हती, त्याच्या हातून फुटली होती. इंग्रजीत फुटणं आणि फोडणं या दोन्हींना ‘ब्रेक’ हे एकच क्रियापद आहे. आपल्याकडे पडणं-पाडणं, तुटणं-तोडणं, फाटणं-फाडणं, जळणं-जाळणं, बुडणं-बुडवणं अशा जोड्याच्या जोड्या आहेत. माझी आजी घरात काही फुटल्याचा आवाज आला की आतून एवढंच विचारायची, “फुटली गो, काय फोडलंस?” त्या प्रश्नात एक अख्खं न्यायालय होतं. फुटली म्हटलं तर ते दैव, फोडली म्हटलं तर तो हेतू. आणि या दोन्हींच्या मधे आपल्या भाषेने एक तिसरी पायरी बांधलेली आहे, ‘माझ्या हातून फुटली’. हात माझा, पण मनात नव्हतं. इंग्रजीला हे म्हणायला एखादा जादा शब्द जोडावा लागतो. आपल्याकडे ते वाक्याच्या बांधणीतच आहे.

आता गंमत अशी की इतका बारीक भेद भाषेत नसूनही रोजच्या बोलण्यात कर्ता पुढे आणायची सवय इंग्रजी बोलणाऱ्यांना जास्त आहे. कोणाच्या धक्क्याने फुलदाणी पडली तर ते सहज ‘त्याने फुलदाणी फोडली’ असं सांगतात, मुद्दाम फोडलेली नसली तरी. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात केटलिन फॉसी आणि लेरा बोरोडिट्स्की यांनी याचे प्रयोग केले, ते २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्यांना त्यांनी काही प्रसंग चित्रफितीवर दाखवले, काही मुद्दाम केलेले, काही नकळत घडलेले. स्पॅनिशमध्ये नकळत घडलेल्या गोष्टीला आपल्यासारखंच ‘फुलदाणी फुटली’ म्हणण्याची रीत आहे. मुद्दाम केलेली कृती कोणाची होती ते दोघांनाही सारखंच आठवलं. नकळत घडलेल्या प्रसंगातला माणूस मात्र इंग्रजीवाल्यांना अधिक आठवला. दुसऱ्या एका प्रयोगात एका उपाहारगृहातल्या आगीची हकीकत लोकांना वाचायला दिली. काहींच्या कागदावर बाईने मेणबत्ती पाडली असं होतं, काहींच्या कागदावर मेणबत्ती पडली असं. बाकी मजकूर जवळपास तोच. ‘पाडली’ वाचणाऱ्यांनी त्या बाईवर जास्त भरपाई बसवली.

म्हणजे ‘पडली’ की ‘पाडली’ यावर पैसे ठरतात. आजीचा प्रश्न साधा नव्हता.

पण यावरून इंग्रजी बोलणारे आपल्यापेक्षा प्रामाणिक असतात असं कोणी म्हणू लागलं तर मी ते मान्य करणार नाही. त्यांच्याकडेही पळवाटा आहेत, आणि त्या मोठ्या माणसांनी वापरून गुळगुळीत केलेल्या आहेत. ‘चुका झाल्या’ हे बिनकर्त्याचं वाक्य अमेरिकेच्या अध्यक्षांच्या तोंडी पुन्हा पुन्हा आलेलं आहे. १८७६ मध्ये युलिसिस ग्रँट यांनी काँग्रेसला पाठवलेल्या निवेदनात ते आहे, आणि १९८७ मध्ये इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणात रोनाल्ड रेगन यांच्या भाषणातही आहे. कर्ता सांगायची सवय असलेल्या भाषेतही सत्तेवरच्या माणसाला कर्ता लपवता येतो. भाषा हात धरून वाट दाखवते, चालायचं कुठे ते माणूस ठरवतो.

इंग्रजीचा माझ्यावर जो खरा उपकार आहे तो वेगळा. त्या भाषेतल्या काही विचारवंतांनी आपल्या रोजच्या बोलण्यातले दोषाचे शब्द घेऊन सोनार तराजूत टाकतो तसे तोलले. ऑक्सफर्डचे जॉन ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये सबबींवर एक व्याख्यान दिलं. त्यात दोन गाढवांचं उदाहरण आहे. माझं गाढव मला नकोसं झालं म्हणून मी त्याला गोळी घालायला गेलो आणि मेलं शेजाऱ्याचं. हे दोन तऱ्हांनी होऊ शकतं. मी शेजाऱ्याचंच गाढव माझं समजलो, किंवा नेम माझ्याच गाढवावर धरला होता पण ऐन वेळी ते हललं आणि गोळी शेजाऱ्याच्या गाढवाला लागली. पहिली चूक, दुसरा अपघात. इंग्रजीत या दोन्हींना वेगळे शब्द आहेत. आपण शेजाऱ्याच्या दारात जाऊन दोन्ही वेळा ‘चुकून’ असंच म्हणू. हा भेद मराठीत करता येत नाही असं नाही, पण आपण तो सहसा करत नाही, आणि शेजाऱ्याच्या दृष्टीने तो मोठा भेद आहे. ऑस्टिन यांनी दुसरीही एक रेघ ओढली. ‘होय, मी केलं, पण त्यात वाईट काही नाही’ हे समर्थन. ‘होय, वाईट झालं, पण सगळं माझ्यावर घालू नका’ ही सबब. आपल्या भांडणांमध्ये माणूस एका वाक्यात समर्थन करतो आणि पुढच्याच वाक्यात सबब सांगतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कबुली मिळाली.

दुसरे चार्ल्स फिलमोर, अमेरिकन भाषावैज्ञानिक. १९६९ मध्ये त्यांनी दोषाच्या क्रियापदांवर एक निबंध लिहिला. प्रत्येक शब्द काही गोष्टी ठरलेल्याच म्हणून धरतो आणि एखादी नवी गोष्ट सांगतो, हा त्यांचा मुद्दा. इंग्रजीत आरोपाचं क्रियापद कृत्य वाईट आहे हे धरून चालतं आणि ते तू केलंस हे सांगतं. टीकेचं क्रियापद उलटं, तू केलंस हे धरून चालतं आणि ते वाईट होतं हे सांगतं. इतकी साधी गोष्ट, पण ती कळल्यावर मी आमच्या गावातल्या शब्दांकडे नव्याने बघू लागले.

‘आळ’ घ्या. कृत्य वाईट हे धरलेलं, तू केलंस हा दावा. पण आळ हा शब्द वापरणारा सहसा ज्याच्यावर आळ आला त्याच्या बाजूचा असतो. ‘तिच्यावर आळ घेतला’ म्हणताच ती निर्दोष आहे हे मी सांगून टाकलेलं असतं. ‘नावं ठेवणं’ मध्ये कृत्य सगळ्यांसमोर झालेलं असतं, भांडण ते चांगलं की वाईट एवढ्यापुरतंच. ‘बोल लावणं’ ही घरातल्या माणसाची क्रिया आहे. परका बोल लावत नाही, आपला लावतो, म्हणून तो लागतो. ‘ठपका’ वरून येतो. शेजारी शेजाऱ्यावर ठपका ठेवत नाही, चौकशी समिती ठेवते, अहवाल ठेवतो, साहेब ठेवतो. ठपक्याला कागद लागतो. ‘खापर फोडणं’ मध्ये तर सगळंच उलटं आहे. वाईट झालंय हे सगळ्यांना माहीत, कोणीतरी डोकं शोधतंय हेही माहीत, आणि ज्याच्या डोक्यावर फुटलं तो खरा दोषी नाही असं बोलणाऱ्याचं मत. खापर एकदा फुटलं की ते उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. म्हणून ते घाईने, जे डोकं जवळ मिळेल त्यावर फोडतात.

याची आमच्याकडची म्हण सगळ्या कोकणाला पाठ आहे. करून गेलो गाव आणि कांदळकराचा नाव. केलं गावाने, नाव आलं कांदळकराचं. हा कांदळकर कोण, त्याच्या नावावर काय लागलं, म्हण सांगत नाही, आणि मला वाटतं ते न सांगण्यातच तिचा जीव आहे. प्रत्येक वाडीत एक कांदळकर असतो. माझ्या वर्गातही असायचा. फळ्याचा खडू गेला, खिडकीची काच गेली, नळ चालू राहिला, की पन्नास मुलांचे डोळे न सांगता त्याच्याकडे वळायचे. मीही काही वेळा त्यालाच उभं केलं. त्याच्याविषयीची नोंद या पुस्तकात सगळ्यात लांब आहे.

आता या संग्रहातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. इंग्रजीत दोष हे ओझं आहे. ते खांद्यावर घेतात, दुसऱ्याकडे सरकवतात, वाटून घेतात, कोणाच्या तरी दारात ठेवून येतात. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांच्या मेजावर एक पाटी असे, ‘द बक स्टॉप्स हिअर’, म्हणजे जबाबदारी इथे येऊन थांबते. त्यातला ‘बक’ हा शब्द पत्त्यांच्या डावातला आहे, पुढचा डाव कोणी वाटायचा त्याची खूण. आपली टोलवाटोलवी विटीदांडूतून आली. ते हळूच पुढे सरकवतात, आपण दूर टोलवतो. इथवर दोन्ही भाषा एकमेकींना ओळखतात. पण दोष घेण्याची वेळ आली की वाटा फुटतात. इंग्रजी बोलणारा म्हणतो, दोष मी घेतो. ज्याने केलं तो घेतो. मराठी माणूस हात जोडून म्हणतो, ‘माझी चूक पदरात घ्या’, ‘अपराध पोटात घाला’. घ्यायचं कोणी? ज्याचं नुकसान झालं त्याने! चूक माझी, पदर तुमचा. चूक माझी, पोट तुमचं.

या दोन वाक्यांवर मी किती दिवस घालवले ते सांगता येणार नाही. एका बाजूने यात मोठी माणुसकी आहे. इंग्रजीतला माणूस आपला दोष घेऊन एकटा उभा राहतो, आणि समोरच्याला त्यात काही करायचं उरत नाही. आपल्याकडे मी माझी चूक तुमच्या अंगाशी आणून ठेवते, आईच्या पदरात मूल शिरतं तशी, आणि तुम्ही ती आपलीशी केलीत की आपलं नातं पुन्हा जोडलं जातं. पण दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवायची नाही. पदर बहुतेक वेळा बाईचा असतो. पोटात घालायचं काम घरात सुनेला, गावात गरिबाला आणि कचेरीत शिपायाला करावं लागतं. ज्याचं गेलं त्यालाच वर गिळायलाही लागतं.

या सगळ्याचं मूळ मला गाऱ्हाण्यात दिसलं. सिंधुदुर्गात राहून गाऱ्हाणं ऐकलं नाही असा माणूस नसेल. देवळात, होळीच्या मांडावर, नव्या घराच्या चौथऱ्यावर, होडी पाण्यात लोटताना, मानकरी किंवा घरातला जाणता हात जोडून उभा राहतो, ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून सुरुवात करतो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मागे उभी असलेली माणसं एका आवाजात म्हणतात, ‘होय म्हाराजा!’ मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांची नावं घेतली जातात, गुराढोरांची, पिकाची, दर्याची आठवण केली जाते, वाकड्याचं सरळ कर म्हणून मागणं होतं. आणि कुठेतरी, बहुधा शेवटाकडे, येतं ते असं, लेकरांकडसून काय चूकमाक झाली असात ती पदरात घे. होय म्हाराजा!

प्रमाण मराठीत गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. लोक मंत्र्याकडे गाऱ्हाणी घेऊन जातात. या शब्दाचं मूळ संस्कृतातल्या ‘गर्ह्’ या धातूकडे नेतात, आणि त्याचा अर्थ निंदा करणं, दोष देणं. दोष देण्यासाठी जन्मलेला शब्द. आमच्या मुलुखात येऊन तो देवापुढे उभा राहिला आणि दोष कबूल करू लागला. या जिल्ह्याने मराठी भाषेला दिलेलं हे मोठं देणं आहे असं मी मानते.

पण गाऱ्हाण्यातली कबुली कशी असते ते नीट पाहा. चूक ‘झाली असेल तर’ असते. कोणती ते सांगितलं जात नाही. कोणाची तेही सांगितलं जात नाही, कारण ‘होय म्हाराजा’ सगळे मिळून म्हणतात. देवापुढे हे योग्यच आहे. तिथे कोणा एकाला बाजूला काढून लाजवायचं नसतं, सगळा गाव एका पदराखाली जायचा असतो. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण माणसांपुढेही गाऱ्हाणंच घालतो. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे रोज वर्तमानपत्रात छापून येणारं वाक्य म्हणजे देवाचं गाऱ्हाणं चुकीच्या दारात नेऊन ठेवणं आहे. देवाला सगळं माहीत असतं, म्हणून तिथे चुकीचं नाव घ्यावं लागत नाही. माणसाला ते ऐकायचं असतं.

गाऱ्हाण्याची जोडबहीण म्हणजे कौल. घरात एकामागून एक आजारपणं आली, होडी फुटली, पोरगं रुळावर येईना, की लोक देवाला कौल लावतात. पाषाणाला पाकळ्या किंवा तांदूळ लावायचे, उजवं पडलं की एक उत्तर, डावं पडलं की दुसरं. शोध असतो ‘नड’, म्हणजे आड येणारी बाधा, कोणाची याचा. वर्षानुवर्षं ऐकलेल्या कौलांवरून मला एवढं दिसलं की बोट पुष्कळदा गेलेल्या माणसाकडे जातं. पणजोबांनी बोललेला नवस राहिला, कुठल्या तरी स्थळाचा मान बंद पडला. मेलेल्याला दोष दिला की जिवंत माणसांची तोंडं एकमेकांकडे राहतात. कोणी शहाण्याने मुद्दाम बसवलेली असावी अशी ही रीत आहे. मात्र जेव्हा ते बोट जिवंत माणसाकडे वळतं तेव्हा ते विधवेकडे, मूल नसलेल्या बाईकडे, वाडीच्या कडेला राहणाऱ्या घराकडे वळतं, आणि शब्द येतो ‘करणी’. या शब्दाने माणसं देशोधडीला लागली आहेत. कोणावर करणीचा आळ घेऊन त्याला छळणं हा आता गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. या संग्रहात ‘करणी’ची नोंद आहे, पण तिच्याखाली कायद्याचं नाव दिल्याशिवाय मी ती छापू दिली नाही.

समुद्राकडे वळते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर गेल्या काही दशकांत सगळ्यात मोठं दोषाचं भांडण मासळीवरून झालं. एका बाजूला रापण ओढणारे, बारक्या होड्यांनी जाळी टाकणारे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन टोकांनी माणसांनी ओढायचं लांबलचक जाळं, त्यात मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. दुसऱ्या बाजूला पर्ससीन जाळी, परराज्यातून येणारे ट्रॉलर, रात्री एलईडी दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या नौका. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच महिन्यांची मुभा ठेवली. हे भांडण बंदरावर उभं राहून ऐकलं तर त्यात तीन क्रियापदं ऐकू येतात. ‘मासो गेलो’, म्हणजे दर्याचं दैव. ‘मासो गावना नाय’, म्हणजे आमचं नशीब. आणि ‘मासो नेलो’. हे तिसरं क्रियापद ज्याच्या तोंडून येतं तो लगेच पुढे सांगतो कोणी नेला ते. वर्तमानपत्रात मात्र ‘मत्स्यदुष्काळ’ असा शब्द येतो. दुष्काळ आभाळातून पडतो, त्याला करणारा नसतो. ज्याने कोणी हा शब्द बनवला त्याच्या मनात काही वाईट नसेल, पण त्या एका शब्दाने ‘नेलो’ पुसला गेला.

आणि मग २६ ऑगस्ट २०२४ ची दुपार. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा सुमारे पस्तीस फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनाच्या वेळी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्याचं अनावरण केलं होतं. नऊ महिनेही झाले नव्हते. समोर पाण्यात सिंधुदुर्ग उभा, १६६४ मध्ये पाया घातलेला, साडेतीनशेहून जास्त पावसाळे खाल्लेला. ज्यांनी ती बातमी मालवणात ऐकली त्यांना त्या दिवशी काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही, लिहिता येणारही नाही.

त्या आठवड्यातली कात्रणं मी अजून ठेवली आहेत. जवळजवळ सगळ्या मथळ्यांमध्ये क्रियापद एकच, ‘कोसळला’. पडणं-पाडणं, फुटणं-फोडणं अशी जोडी या क्रियापदाला नाही. ‘कोसळवला’ असं सहसा कोणी म्हणत नाही. दरड कोसळते, पूल कोसळतो, इमारत कोसळते, बाजारही कोसळतो. जिथे जिथे माणसाच्या हाताची चौकशी व्हायला हवी तिथे तिथे आपण नेमकं ते क्रियापद वापरतो ज्याला हातच नाही. मग कर्त्याचा शोध वाक्याच्या बाहेर सुरू झाला. ताशी ४५ किलोमीटरच्या वाऱ्याचं नाव घेतलं गेलं. काम नौदलाच्या देखरेखीखाली झाल्याचं सांगितलं गेलं. मूर्तिकार आणि बांधकाम सल्लागार यांच्यावर गुन्हा नोंदवला गेला. किल्ल्यावर दोन पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांना भिडले. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी जनतेची माफी मागितली. ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांनी मस्तक झुकवून माफी मागितली, आणि ती शिवाजी महाराजांच्या चरणी, आराध्य दैवताची म्हणून मागितली. मी ते ऐकलं तेव्हा मला आमचं गाऱ्हाणं आठवलं. भाषा हिंदी होती, पण घाट तोच, दैवतापुढे घातलेला.

माफी मागितली गेली याचं मला मोल आहे. पुष्कळदा तीही मिळत नाही. पण त्या कात्रणांमध्ये मी ‘माझ्या हातून’ हे दोन शब्द शोधले आणि मला ते सापडले नाहीत. नैतिक जबाबदारी हा शब्द सापडला. तोही मोठा शब्द आहे. लालबहादूर शास्त्रींनी १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर रेल्वेमंत्रिपद सोडलं, तेव्हापासून या देशात त्या शब्दाला वजन आहे. पण नैतिक जबाबदारी घेणारा सांगत असतो की हात माझा नव्हता, तरी मी घेतो. ज्याचा हात होता त्याने बोलायचं राहूनच जातं. राजकोटवर आता ६० फुटी नवा पुतळा उभा आहे, ११ मे २०२५ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याचं पूजन केलं. जुन्या पुतळ्याचं क्रियापद मात्र कात्रणांत ‘कोसळला’ असंच राहिलं आहे.

‘सॉरी’विषयी फार लिहीत नाही. तो शब्द आता मराठीच आहे आणि त्याचा राग करून उपयोग नाही. पाय लागला की सॉरी, मेलेल्याच्या घरी गेलं की सॉरी, इंग्रजीतही तो दोन्हीकडे चालतो. एवढंच सांगते, की माझ्या विद्यार्थ्यांना सॉरी म्हणणं सोपं जायचं आणि ‘माझं चुकलं’ म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा. ज्या शब्दाने आवाज बदलतो तो शब्द जपायला हवा.

शेवटी मालवणीविषयी एक. मच्छिंद्र कांबळींनी गंगाराम गवाणकरांचं ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर गाजवलं आणि आमची बोली महाराष्ट्राला कळली, हे ऋण मोठं आहे. पण तेव्हापासून मालवणी ऐकली की लोक हसायला तयार होऊन बसतात. गाऱ्हाणंही लग्नाच्या मंडपात गंमत म्हणून घालतात. या पुस्तकातली मालवणी हसण्यासाठी जमवलेली नाही. ही भांडलेल्या, रडलेल्या, एकमेकांकडे वर्षानुवर्षं न बोललेल्या आणि पुन्हा बोललेल्या माणसांची बोली आहे.

प्रत्येक पानाच्या कडेला मुद्दाम मोकळी जागा ठेवली आहे. तुमच्या गावात दोष देताना, घेताना, पदरात घालताना जे शब्द वापरतात ते तिथे लिहा. घाटावरचे, गोव्याकडचे, बेळगावकडचे, सगळे लिहा. आजी जिवंत असेल तर तिला विचारून लिहा. आणि भावकीतल्या कोणाचा फोन आला, आणि बऱ्याच वेळाने पलीकडून ‘चुकलंय’ एवढाच शब्द आला, तर तो आधी मालवणीत ऐका.